न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं

न्यायमूर्ती सर जर्वेस लँगथॉर्न यांनी आयुष्यात कधी लाच घेतली नाही, कधी कोर्टात उशिरा आले नाहीत आणि कधी कुणाला अपशब्द बोलले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्ये तोंड घालायला नको.

मी विनिफ्रेड ॲकरॉइड. आमच्या ऑल्डरबीच्या कोर्टात शॉर्टहँड लिहायचे. वर्षातून तीनदा लंडनहून मोठे न्यायमूर्ती यायचे, लाल झग्यात, पुढे तुतारीवाले, मागे शेरीफ. खून, दरोडा, जाळपोळ असले खटले ते आले की उभे राहायचे. त्यांच्या मंचाखाली, जरा तिरकी, माझी खुर्ची. एका डोळ्याला न्यायमूर्ती दिसायचे, दुसऱ्याला ज्युरी. हात आपोआप चालायचा. सतरा वर्षं मी लँगथॉर्नसाहेबांचा शब्द न् शब्द उतरवून घेतला.

माणूस विद्वान होता. गावोगावच्या चर्चमध्ये बदल्या होणाऱ्या पाद्र्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी नावाजलेला बॅरिस्टर झाला, शेहेचाळिसाव्या वर्षी न्यायमूर्ती. उंच, चांदीसारखे केस, आणि आवाज असा की थंडीत अंगावर शाल पडावी. माझे वडील अंथरुणाला खिळले आहेत हे त्यांना एकदा कळलं, तर पुढच्या खेपेला स्वतःच्या बागेतली नाशपाती घेऊन आले. वडिलांनी खाल्ली. मीही खाल्ली. गोड होती, काय खोटं बोलू?

पण मला जे दिसायचं ते दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते.

खटल्याच्या शेवटी न्यायमूर्ती ज्युरीला सगळा पुरावा उलगडून सांगतात. मग ते बाराजण आत जाऊन ठरवतात. या भाषणात न्यायमूर्तींनी पारडं झुकवायचं नसतं. झुकवलं तर अपील होतं, आणि अपिलात वरचे न्यायाधीश काय बघतात? मी टाइप केलेले कागद. फक्त कागद. हे लँगथॉर्नसाहेबांइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. त्यांची जीभ कागदासाठी बोलायची, आणि बाकीचं सगळं अंग ज्युरीसाठी.

सरकारी साक्षीदाराबद्दल बोलताना ते पुढे झुकायचे, मान हलवत, पेनाने टिपणं काढत. आरोपीच्या साक्षीदाराचं नाव आलं की पेन खाली. टक्. मग एक श्वास, लांब. मग छताकडे नजर, तिथे काही लिहिलेलं असावं तशी. आणि त्याच वेळी तोंडाने काय? "सदस्यहो, आरोपीने काहीही सिद्ध करायचं नसतं, हे क्षणभरही विसरू नका." शब्द सोन्यासारखे. मी ते लिहायचे. श्वास मी लिहायचे नाही. तो लिहायची सोय नव्हती.

१९६१ सालच्या नोव्हेंबरात आयव्ही गार्साइडचा खटला आला.

आयव्ही सत्तावीस वर्षांची, गिरणीत तयार कापडातल्या गाठी आणि तुटके धागे शोधून दुरुस्त करायचं काम करायची. चार वर्षांची लेक, लिंडा. नवरा होता, म्हणजे नावाला. गिरणीचा मुकादम हॅरल्ड सग्डन याने तिला कामावरून काढलं, का, तर ती उलट बोलली. जाता जाता ती अंगणात सगळ्यांदेखत ओरडली, "आग लागो तुझ्या गोदामाला!" दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास लागली. लोकरीचं गोदाम भस्म झालं, आणि आतल्या कचेरीत सग्डन गुदमरून मेला.

पुरावा एवढाच. तो शाप, आणि गेटाजवळ "तिच्यासारखी कुणीतरी" पाहिल्याचं सांगणारा एक माणूस.

आयव्हीच्या बाजूने एकच साक्षीदार, शेजारीण नेल बूथरॉयड. सत्तरीची विधवा, डोक्यावर चेरीची खोटी फळं लावलेली जुनी टोपी, आणि बोलताना अडखळायची. लहानपणापासूनच. तिने शपथेवर सांगितलं, आयव्ही त्या रात्री आठपासून दहापर्यंत माझ्या स्वयंपाकघरात होती, आम्ही मोजे रफू करत होतो. एक वाक्य बोलायला तिला अख्खं मिनिट लागलं, पण वाक्य बदललं नाही. सरकारी वकिलाने चारदा विचारलं, चारदा तेच.

शेवटच्या दिवशी सकाळी लँगथॉर्नसाहेब ज्युरीकडे वळले. सग्डनच्या विधवेबद्दल बोलताना पेन चाललं. गेटाजवळच्या माणसाबद्दल बोलताना चाललं. मग म्हणाले, "आता मिसेस बूथरॉयड."

टक्.

श्वास. छत. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला, हळूच, आणि रुमालाआडून ज्युरीच्या पहिल्या रांगेकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "तुम्ही त्यांना पाहिलंत. तुम्ही त्यांना..." इथे थांबले. मनात पाच मोजावे इतका वेळ. "...ऐकलंत. त्या प्रामाणिक असू शकतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही आणि केवळ तुम्हीच ठरवायचं."

ज्युरी हसली. खदाखदा नाही. कोर्टात हसतात तशी, ओठ आवळून, खांदे हलवत. चेरीची टोपी मागच्या बाकावर खाली झुकली. आरोपीच्या पिंजऱ्यात आयव्ही न्यायमूर्तींच्या अगदी समोर उभी होती. तिने सगळं पाहिलं.

चाळीस मिनिटांत निकाल. दोषी. चौदा वर्षं.

दोन दिवसांनी, दुपारी, माझ्या दारावर थाप पडली. नेल बूथरॉयड. टोपी नव्हती. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली.

"तू तीच ना, खाली ब-बसून लिहिणारी?"

"हो, नेलआजी."

"सगळं लिहितेस?"

"सगळं. शब्द न् शब्द."

"मग त्याने माझी कशी न-नक्कल केली, ते लिहिलंस?"

"नक्कल नाही केली त्यांनी. ते फक्त थांबले."

"थांबला!" ती एवढ्या जोरात म्हणाली की आतून वडिलांनी कोण आहे विचारलं. "माझ्या बोलण्यासारखा थ-थांबला मेला! आणि बारा गाढवं हसली! ते लिहिलंस का, सांग!"

"आम्ही फक्त शब्द लिहितो, आजी. नियम आहे."

"मग तू तिथे बसतेस कशाला गं? खुर्ची उ-ऊबदार ठेवायला?"

आणि गेली. दार मी लावून घेतलं, पण ते वाक्य घरातच राहिलं.

आयव्हीच्या वकिलाने अपील केलं होतं, म्हणून भाषणाची प्रत मला करायची होती. मी टाइपरायटरवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कंसात लिहिलं: (न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. छताकडे पाहिलं. रुमाल नाकाला लावला. "तुम्ही त्यांना" यानंतर पाच सेकंद थांबले. ज्युरीत हशा.) यात एक शब्द खोटा असेल तर माझी बोटं झडोत.

प्रत आधी न्यायमूर्तींकडे मंजुरीला जायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला निवासस्थानी चहाला बोलावलं. शेकोटी पेटलेली, चांदीची किटली. त्यांनी स्वतः चहा ओतला.

"मिस ॲकरॉइड, वडील कसे आहेत?"

"तसेच आहेत, माय लॉर्ड."

"वाईट वाटतं ऐकून." मग त्यांनी कागद पुढे सरकवला. कंसांवर लाल शाईच्या रेघा. सरळ, पट्टीने मारल्यासारख्या. "इथे तुमच्याकडून काहीतरी आगंतुक आलंय."

"जे घडलं तेच आलंय, माय लॉर्ड."

"पेन खाली ठेवणं हा शब्द आहे का?"

"नाही."

"रुमाल?"

"नाही. पण ते हसले, माय लॉर्ड. तुम्ही थांबलात म्हणून हसले."

"मला सर्दी होती." ते अगदी मायेने हसले. "तुमचं काम फार नेटकं असतं. तुमच्यामुळेच मी वाचण्याजोगा होतो, असं मी नेहमी म्हणतो. ही सवय बिघडवू नका."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मी भांडले असते. त्यांनी मला आणखी एक केक दिला, आणि मी तो घेतला. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्या शॉर्टहँड कचेरीचे मालक मिस्टर डॉब्सन. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. "विनी, तुझं डोकं फिरलंय का? कोर्टाने आपलं कंत्राट काढून घेतलं तर? सही कर नाहीतर घरी जा. आणि घरी कोण आहे ते तुलाच माहीत."

घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता. मी कंस वगळून नवी प्रत टाइप केली. खाली नेहमीचं वाक्य होतं: वरील नोंद माझ्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. खाली सही केली, विनिफ्रेड ॲकरॉइड. खरी आणि पूर्ण!

अपिलाच्या तीन न्यायाधीशांनी ती वाचली आणि म्हटलं, हे भाषण निष्पक्षतेचा आदर्श आहे. अपील फेटाळलं. दोन वर्षांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका पाठ्यपुस्तकात ते पूर्ण छापून आलं. का, तर मुलांनी शिकावं, बचावाच्या साक्षीदाराबद्दल ज्युरीशी कसं बोलावं.

मी नोकरी सोडली नाही. हेही लिहून ठेवते. पण त्या दिवसानंतर माझ्या शॉर्टहँडच्या वहीत मी समासात खुणा करायला लागले. पेन खाली, म्हणजे गळासारखा आकडा. श्वास, म्हणजे लाट. छत, म्हणजे वर काढलेला बाण. टाइप करताना त्या सोडून द्यायचे, पण वह्या कचेरीत जमा केल्या नाहीत, घरी नेल्या. दहा वर्षं. कपाटाचा एक पूर्ण खण भरला. साहेब बहात्तर साली लंडनला वरच्या कोर्टात गेले, पुढे लॉर्ड झाले. विधवांच्या हक्कांवर त्यांनी दिलेला एक निकाल म्हणे परदेशातही वाचतात. वाचोत बापडे. माझ्या कपाटात किती आकडे, किती लाटा आणि किती बाण होते ते मला ठाऊक होतं.

आयव्ही चांगल्या वागणुकीची सूट मिळून एकाहत्तरच्या मार्चमध्ये सुटली. तोवर नवरा लिंडाला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. नेलआजी वारली होती. मी आयव्हीकडे गेले नाही. रस्त्यात दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे. पंधरा वर्षं मी हे केलं.

शहाऐंशी साली साहेब गेले. ऑल्डरबीत नवं कोर्ट बांधलं होतं, त्यातल्या मोठ्या दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. त्यांची मुलगी, मिसेस कॉन्स्टन्स फेन, हिचं सुवाच्य अक्षरातलं पत्र आलं. बाबा तुमची फार आठवण काढायचे, समारंभात पाच मिनिटं आठवणी सांगाल का, सोबत एक पाहुणा आणता येईल.

पत्र घेऊन मी तडक आयव्हीच्या दारात गेले. ती बेकरीतून नुकतीच आली होती, हातांना पीठ. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कंस, लाल शाई, केक, सही.

ती टेबलाला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "तू सही केलीस."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो, आयव्ही."

"माझी पोर मला ओळखत नाही. नाताळला कार्ड पाठवते, त्यावर 'प्रिय आयव्ही' लिहिते. आई नाही, आयव्ही! आणि तू पंधरा वर्षं फुटपाथ बदलत फिरलीस. वाटलं असेल मला दिसत नाही?"

"मी माफी मागायला आलेय."

"नको मला तुझी माफी. कुठे ठेवू? घर लहान आहे माझं." तिने पत्र ओढून घेतलं, वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही राग चढला की मी एक पाऊल मागे सरले. "काय सांगणार आहेस तिथे?"

"मी लिहून काढणार आहे. कंसात होतं ते सगळं. वाचून दाखवीन."

"लिहून! परत लिहून? अगं बये, कागद त्याचाच आहे. कागदावर तो कायम जिंकणार." तिने पिठातलं लाटणं उचललं. ताठ उभी राहिली. लाटणं टेबलावर ठेवलं. टक्. श्वास घेतला. छताकडे पाहिलं. "तुम्ही त्यांना..." थांबली. "...ऐकलंत."

हुबेहूब तो. आवाजसुद्धा.

"नऊ वर्षं कोठडीत मी हेच बघत होते," ती म्हणाली. "बस खाली. तुला शिकवते. तुझं तोंड फार बिचारं आहे, असं चालायचं नाही."

तीन आठवडे, रोज संध्याकाळी चहानंतर, मी तिच्या स्वयंपाकघरात पेन खाली ठेवायला शिकले. चुकलं की ती खेकसायची, "घाई करतेस! त्याला काही घाई नव्हती, घाई मला होती!"

समारंभ जूनमधल्या दुपारी होता. दोनेकशे माणसं. न्यायाधीश, बॅरिस्टर, गळ्यात साखळी घातलेले महापौर, पहिल्या रांगेत मिसेस फेन. आयव्ही निळा कोट घालून मागे बसली, तिला कुणी ओळखलं नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, साहेबांचं सर्वांत गाजलेलं भाषण मला पाठ आहे, पाठ्यपुस्तकात आहे तेच, एकही शब्द न बदलता म्हणून दाखवते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पेन हातात धरलं. सग्डनची विधवा, गेटाजवळचा माणूस. पेन चालतंय. "आता मिसेस बूथरॉयड."

टक्.

दालनात कुणीतरी फिस्सकन हसलं. जुन्या बॅरिस्टरांना ओळख पटली होती. मी श्वास घेतला, छताकडे पाहिलं, रुमाल नाकाला लावला. आता रांगाच्या रांगा हसत होत्या, आपल्या म्हाताऱ्या साहेबांची लकब बघून, लाडाने. "तुम्ही त्यांना पाहिलंत. तुम्ही त्यांना..." पाच मोजले. "...ऐकलंत." सगळं दालन हसलं.

मी पेन खिशात टाकलं.

"हसलात," मी म्हटलं. "ज्युरीसुद्धा इथेच हसली होती. त्या साक्षीदार बाई बोलताना अडखळायच्या, आणि त्या खरं सांगत होत्या. हे मी तेव्हा कागदावर घातलं, त्यांनी ते लाल शाईने खोडलं, आणि मी खाली सही केली. तुम्ही हे पुस्तकात शिकता. त्या हशापायी एका बाईला चौदा वर्षं पडली."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आयव्ही उभी राहिली. "ती मी," ती म्हणाली, एवढंच.

मग महापौरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बाहेर चहा तयार आहे." देवाशप्पथ, हेच म्हणाले. आणि दोनशे माणसं उठून चहाला गेली!

जिन्यात मिसेस फेनने मला गाठलं. चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही हे आजच करायला हवं होतं का?"

"मग कधी करू, बाई? पंचवीस वर्षं वाट पाहिली."

तिने जिन्याचा कठडा धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "जेवताना आई काही बोलायला लागली की ते काटा असाच ठेवायचे. आई पुढे पुढे बोलायचीच बंद झाली." एवढं बोलून ती आत गेली, आणि आत जाऊन पाहुण्यांशी हसून बोलताना मी तिला पाहिलं.

त्या गर्दीत ब्रॉनवेन पॅरी नावाची एक तरुण वकीलबाई होती. तिने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आली आणि कपाटाचा खण रिकामा करून माझ्या वह्या घेऊन गेली. नुसत्या वह्यांवर काही होणार नाही, हे तिने आधीच सांगितलं. तिने आगीचे जुने फोटो शोधले, तज्ज्ञ गाठले. सग्डनच्या कचेरीतल्या हीटरची वायर जळून तुटली होती, आग तिथूनच लागली होती. कुणी लावलीच नव्हती. हे फोटो पोलिसांच्या फायलीत पहिल्यापासून होते.

एकोणनव्वद साली आयव्हीची शिक्षा रद्द झाली. आम्ही दोघी लंडनच्या कोर्टात शेजारी बसलो होतो. निकाल वाचणारे न्यायाधीश भले दिसत होते. शेवटी ते म्हणाले, मिस ॲकरॉइड यांच्या वह्या आम्ही पाहिल्या, परंतु नोंदीतील शब्दांवरून पाहता दिवंगत विद्वान न्यायमूर्तींचं भाषण सर्वथा निर्दोष होतं, त्यांच्यावर कोणताही ठपका येत नाही.

आयव्हीने माझ्या दंडाला नखं रुतवली. "निर्दोष कोण, म्हणाला तो?"

"ते. आणि तू."

"एकाच कागदावर?"

"हो."

बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी तिला घेरलं. एकाने विचारलं, मिसेस गार्साइड, आनंद झाला असेल ना? ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने वही खाली घेतली. "पंचावन्न वर्षांची आहे मी," ती म्हणाली. "बाजूला हो, मला भूक लागलीय."

कोपऱ्यावर मासे आणि बटाट्याचे काप तळणारं दुकान होतं. आम्ही उभ्या उभ्याच घेतलं. काप थंड होते. आयव्हीने एक खाल्ला, पुडा काउंटरवर आपटला आणि जी सुरू झाली! थंड का, माणसाला काय किंमत आहे की नाही, कुणी विचारणारच नाही असं वाटलं का, तुझ्या आईला असं वाढशील का? दुकानदार बिचारा गोरामोरा झाला, नवे काप तळतो म्हणाला, तरी ती थांबेना. रांगेतली माणसं वळून वळून बघत होती. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, आवरा ना त्यांना."

मी तिला आवरलं नाही. मी माझा पुडा बाजूला ठेवला आणि दाराशी उभी राहिले, म्हणजे तिचं बोलून होईपर्यंत कुणाला तिला बाहेर काढता येऊ नये.